पाठीवरचा बिल्ला

रविवारी सकाळी भाऊराव मामांच्या बैठकीत अर्ज लिहून घ्यायला माणसं येत. मामा सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांचं पेन काही निवृत्त झालं नव्हतं. कुणाची बदली अडलेली, कुणाची जातपडताळणी, कुणाच्या पोराचा वसतिगृहातला प्रवेश. विदर्भ-मराठवाड्याकडून दिल्लीत आलेल्या कुणाचंही काही अडलं, की बुद्धविहारातलं कुणीतरी सांगे, मयूर विहारला जा, इंगोले साहेबांकडे. तिसरा मजला. चहा मिळेल आणि मसुदाही मिळेल.

कादंबरी आतल्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. मामांची ही भाची अकोल्याची, एम.टेक.साठी आली आणि नोकरी लागल्यावर इथेच राहिली. स्वयंपाकघरात कौसल्या मामी कणीक मळत होती आणि मळता मळता गुणगुणत होती. मामीच्या आईनं जात्यावर ओव्या म्हटल्या. मामीच्या वाट्याला जातं आलं नाही, तर ती परातीवर म्हणायची. जे समोर दिसेल त्यावर ती ओवी रचायची: दूधवाल्यावर, लिफ्टवर, मामांच्या चष्म्यावर. कादंबरीच्या कामावरही एक रचून झाली होती.

*हाक धाडली सरळ, आडवं आलं गं कपाट*
*उशीर झाला तिला, लांबली तिची वाट*

कादंबरीनंच एकदा तिला समजावून सांगितलं होतं. कारखान्यात छताजवळ खांबांना सहा डबे लावलेत. कामगाराच्या अंगावर एक बिल्ला. बिल्ला हाक देतो, डबे ती ऐकतात. हाक पोचायला किती वेळ लागला त्यावरून माणूस किती लांब आहे ते कळतं. सहा डब्यांची सहा अंतरं जुळवली की माणसाची जागा कळते.

"आणि किती वेळ लागतो गं?" मामीनं विचारलं होतं.

"एक फूट चालायला एक नॅनोसेकंद. तुझी पापणी एकदा लवते ना मामी, तेवढ्यात दहा कोटी मावतात."

"बाई! मग तर जरा कुठे थबकली हाक, की झालाच घोटाळा."

"तेच तर. मधे लोखंड आलं की ती सरळ येत नाही. भिंतीवर आपटून, वळसा घेऊन येते. डब्याला वाटतं, माणूस लांब आहे."

ते मामीच्या ध्यानात राहिलं, आणि परातीवर चढलं.

त्या रविवारी बैठकीत एकच जण होता. पंचविशीचा, इस्त्री केलेला शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद.

"नाव?" मामांनी पेनाचं टोपण काढलं.

"समाधान गवई. मेहकरकडचा, काका. आयटीआय केलं तिकडे. आता मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवतात त्या कंपनीत. प्रेस शॉपला, पत्रा दाबून आकार देतात तिथे."

"आईबापांनी नाव समाधान ठेवलं आणि तोंडावर एवढासाही नाही त्याचा अंश. काय झालं?"

समाधाननं कागद काढून टेबलावर ठेवला. मागच्या मंगळवारी प्रेसचा साचा बदलत होते. साचा म्हणजे दोन-अडीचशे किलोचं धूड, चाकांच्या ट्रॉलीवर ठेवून आणतात. त्या वेळी मदतनिसानं प्रेससमोरच्या पिवळ्या चौकोनात उभं राहायचं, बंद करायच्या लाल बटणाजवळ, असा नियम. मदतनीस समाधान होता. ट्रॉली सुटली, प्रेसच्या जाळीवर आदळली, साच्याचा कोपरा उडाला. समोर वाकून काम करणारे म्हातारे शंकर मिस्त्री खांद्याला खरचटण्यावर वाचले.

"आणि पत्रात लिहिलंय की दुर्घटनेच्या वेळी मी चौकोनात नव्हतो. सहा मीटर मागे, पाण्याच्या कूलरजवळ होतो. काका, मी कुठेच गेलो नव्हतो. माझ्या चौकोनात होतो मी. चौकोनातच होतो. गुरुवारी चौकशी आहे. त्या दिवशी ठरलं की नव्हतो, तर नोकरी गेली. आणि नोकरी गेली म्हणजे नुसती गेली नाही, 'पाणी पीत राहिला आणि माणूस मरता मरता वाचला' हे नावाला लागणार. मानेसरमध्ये मग कुणी दारात उभं करणार नाही."

"कूलरजवळ होतास असं म्हणतो कोण? साक्षीदार?"

"कुणी माणूस नाही म्हणत. कागद म्हणतो."

कादंबरी चहाचे कप घेऊन बाहेर आली होती. पत्राला जोडलेलं दुसरं पान तिला उलटं दिसत होतं, तरी तिनं ते ओळखलं. कारखान्याचा नकाशा, करड्या रेघा, आणि मधे तांबडा ठिपका. तो तांबडा रंग तिनंच निवडला होता. आधी केशरी होता, तो नीट दिसत नाही म्हणून.

तिनं कप खाली ठेवले.

"मामा, हा नकाशा माझा आहे."

"तुझा म्हणजे?"

"म्हणजे हे जे बिल्ल्यावरून जागा सांगतं, ते आमच्या कंपनीनं बसवलंय. गणित माझं आहे."

आत परातीवरचा हात थांबला. समाधान तिच्याकडे बघत होता, रागानं नव्हे. एखादा आवाज कुठून येतोय ते शोधावं तसा.

"म्हणजे तुम्ही त्या मॅडम?"

"कोणत्या?"

"ज्या येणार म्हणून सकाळी फोन येतो. मॅडम लोक येतायत, बिल्ले पुढे करा."

"पुढे करा? मग एरवी कुठे असतात?"

समाधानचा हात आपोआप मानेमागे गेला. कॉलरच्या खाली, दोन खांद्यांच्या मधे. बोलण्याआधीच त्याच्या हातानं सांगून टाकलं.

"पुढे लावला की वाकताना मालाच्या पेट्यांच्या काठाला अडकतो, ताई. ओरखडा आला, फुटला, की लेखी जबाब द्यावा लागतो. म्हणून सगळी शिफ्टच मागे लावते. तुम्ही आलात की पुढे. तुम्ही गेलात की मागे."

कादंबरी खुर्चीत बसली. आठ महिन्यांत ती सात वेळा त्या शॉपमध्ये गेली होती आणि सातही वेळा तिला छातीवर बिल्ले लावलेली माणसं दिसली होती, शाळेतल्या मुलांसारखी नीटनेटकी.

"मामा," ती म्हणाली, "अर्ज लिहा. पण एवढंच लिहा की नोंदीची तांत्रिक तपासणी व्हावी आणि ती करणारीला चौकशीला बोलवावं. बाकी मी बघते."

"तू बघते म्हणजे? तू तर त्यांच्या बाजूची."

"मी गणिताच्या बाजूची. गणित चुकलंय, आणि का चुकलंय ते मला आत्ता कळलं."

मामांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग समाधानकडे. "पोरगी लहानपणापासून अशीच आहे. मास्तरनं फळ्यावर चूक केली तर उठून पुसायची. चहा घे तू."

*

सोमवारी ती मुनिरकाला ऑफिसात पोचली तेव्हा देविका आधीच येऊन बसली होती. ऑफिस म्हणजे गल्लीतल्या एका घराचा दुसरा मजला. खाली पराठ्याचं दुकान, वर परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं. कंपनी देविका पाटणकरची. मराठी घरातली, पण जन्म दिल्लीतला, त्यामुळे बोलताना तिचं मराठी मधेच संपायचं आणि हिंदी सुरू व्हायचं.

"बरं झालं लवकर आलीस. मानेसरवाल्यांचा मेल आहे. राघव साहेबांचा, त्यांचे सेफ्टी ऑफिसर. एक सर्टिफिकेट हवंय त्यांना, की रेकॉर्ड बरोबर आहे, चूक जास्तीत जास्त तीस सेंटिमीटर. सही तुझी."

"नाही करणार."

"अरे यार, काय नाही करणार?"

"रेकॉर्ड सहा मीटरनं चुकलंय."

देविकानं लॅपटॉप मिटला. ती चिडली की आधी लॅपटॉप मिटायची. "तीस सेंटिमीटर तूच मोजलेस ना? तीन रविवार जाऊन?"

"मोजले. आठव, कशानं मोजले?"

कोपऱ्यात ती काठी अजून उभी होती. मुनिरकाच्या बाजारातून आणलेली, जळमटं काढायची लांब काठी. हिच्याच टोकाला बिल्ला बांधून कादंबरीनं आख्खं प्रेस शॉप पालथं घातलं होतं. शॉप बंद, मशीन बंद, शांतता. काठीमुळे उंची पक्की राहते, हात हलत नाही, असं तेव्हा तिला फार शहाणपणाचं वाटलं होतं. आकडे सुरेख आले होते. येणारच. काठीला पाठ नसते, पोट नसतं.

"आपण माणूस मोजलाच नाही, देविका. माणसाच्या अंगात पाणीच पाणी असतं. बिल्ला पाठीवर, तोंड प्रेसकडे, तर प्रेसच्या बाजूच्या तीन डब्यांना सरळ हाक जातच नाही. माणूस स्वतःच मधे उभा. हाक जाते मागे, लोखंडी रॅकवर आपटते, वळसा घेऊन..."

"वळसा मतलब?"

"घूम के. लांबून."

"अच्छा."

"...लांबून येते. तीनही डबे म्हणतात, हा आमच्यापासून लांब आहे. म्हणून ठिपका मागे सरकतो. प्रेसपासून लांब, कूलरकडे. ज्या दिशेला सरकायला हवा बरोब्बर त्याच दिशेला सरकलाय."

देविकानं खिडकीबाहेर पाहिलं. खाली कुणीतरी पराठेवाल्याशी चटणीवरून भांडत होतं. "आणि हे आपण त्यांना सांगायचं? की आठ महिने आमचा माल चुकत होता? वो हमें निकाल देंगे, कादंबरी. कॅमेरेवाले रांगेत उभे आहेत."

"आपण सही केली आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी हे शोधलं तर? तेव्हा नुसतं काढणार नाहीत. आणि मी नुसती चूक घेऊन नाही जाणार, दुरुस्ती घेऊन जाईन. तीन दिवस दे."

"होईल तीन दिवसांत?"

"होईल."

ती इतकं सरळ म्हणाली की देविकानं लॅपटॉप उघडला. "बोल. मी काय करू?"

"बिल्ला पाठीवर लाव आणि त्या लोखंडी कपाटाकडे तोंड करून उभी राहा."

"आठ साल कंपनी चलाने के बाद यही बाकी था," देविका म्हणाली, पण उठली.

दोन दिवस त्यांनी तेच केलं. एक उभी राहायची, एक बघायची. छताजवळ लावलेले तसेच सहा डबे, घरमालकाची दोन कपाटं, एक बंद पडलेला फ्रिज, पत्र्याचा दरवाजा. देविका जागच्या जागी फिरायची, पाव फेरी, अर्धी फेरी, आणि पडद्यावर हाकेचा आकार बदलत जायचा.

तो आकारच सगळं सांगत होता. वाट मोकळी असली की हाक सुईसारखी उभी राही: एक उंच, सरळ, धारदार रेघ, आणि तिच्या मागे किरकोळ पसारा. मधे अंग आलं की ती सुई खचायची. पुढे एक बारीकसा अंकुर, दिसेल न दिसेल असा, आणि त्याच्या मागून मोठमोठ्या लाटांची गर्दी. यंत्र भोळं. जी मोठी तीच खरी धरायचं. खरी हाक तो अंकुर होता, पहिला आलेला, दमलेला. मागचा गलका भिंतींचा होता.

कादंबरीनं यंत्राला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, आकार बघ आणि ठरव, ही हाक सरळ आली की आडवाटेनं. दुसरी तिला सगळ्यात लाडकी होती, कारण ती इतकी साधी होती. आडवाटेनं आलेली हाक उशिराच येते, लवकर कधीच येत नाही. म्हणजे अडलेला डबा जे अंतर सांगतो, माणूस त्याच्या आतच असणार, बाहेर कधीच नाही. तेव्हा त्या डब्याला खोटारडा म्हणून हाकलू नको. त्याचं एवढंच ऐक, की 'याच्या आत कुठेतरी'. आणि जे सरळ ऐकतात त्यांचं पूर्ण ऐक.

बुधवारी दुपारी देविका फ्रिजला नाक लावून, पाठीवर बिल्ला घेऊन उभी होती, आणि पडद्यावरचा ठिपका तिच्या पायांखाली होता. अर्धा मीटर इकडे तिकडे. हलत नव्हता.

"आला ठिपका जागेवर?" देविकानं फ्रिजला विचारलं.

"आला."

"बिल्कुल?"

"बिल्कुल. वळ आता."

मग कादंबरीनं त्या मंगळवारची नोंद उघडली. हाकांचे मूळ आकार तिनं पहिल्या दिवसापासून साठवून ठेवले होते. जागा फुकट जाते म्हणून देविका कितीदा ओरडली होती. आता ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

अकरा वाजून चौदा मिनिटं. जुना ठिपका कूलरजवळ, तांबडा. कादंबरीनं नवं गणित लावलं. ठिपका रॅकमागून निघाला, पुढे आला, पिवळ्या चौकोनात आला, आणि तिथे थांबला नाही.

चौकोन ओलांडून तो दीड मीटर पुढे गेला. थेट ट्रॉलीच्या वाटेत.

तिनं परत चालवलं. तिसऱ्यांदा चालवलं. प्रत्येक वेळी तेच. ट्रॉली सुटण्याआधी पूर्ण नऊ मिनिटं चौकोनात, मग एकदम पुढे, चार सेकंद ट्रॉलीला चिकटून, मग परत चौकोनात.

"हा तर तुला म्हणाला होता ना, चौकोनातच होतो," देविका म्हणाली.

"हो," कादंबरी म्हणाली. "दोनदा म्हणाला."

*

समाधानला तिनं त्याच संध्याकाळी मुनिरकाला बोलावलं. ती त्याला गच्चीवर घेऊन गेली. अजून उजेड होता, पोरं पुस्तकं घेऊन फेऱ्या मारत होती. तिनं लॅपटॉप कठड्यावर ठेवला आणि ठिपका चालवून दाखवला.

तो बघत राहिला. ठिपका पुढे गेला तेव्हा त्याचे दोन्ही तळहात नकळत उघडले.

"तुम्हाला हे पण कळतं?" तो म्हणाला.

"हे पण कळतं. हातानं अडवलीस ना ट्रॉली?"

"अडवता नाही येत ती, ताई. अडीचशे किलो. बाजूनं रेटली फक्त. शंकर चाचा वाकलेले होते, कान मशीनच्या आवाजात. हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही. बटण दाबलं असतं तर प्रेस थांबली असती, ट्रॉली कुठे थांबते बटणानं? मग रेटली. ती तिरकी झाली, जाळीला लागली."

"मग हे सांगितलं का नाहीस?"

"चालती ट्रॉली हातानं धरायची नाही. भिंतीवर लाल अक्षरात लिहिलंय. मागच्या वर्षी एकाला त्याच्यावरूनच काढला. मी म्हटलं, चौकोनात होतो म्हणावं. तेही खोटं नाही पुरतं. आधी होतो, नंतर होतो." तो कठड्याला टेकला. "ताई, उद्या एवढंच दाखवा ना. बिल्ला पाठीवर असला की चुकतो, बस. पुढचं नका दाखवू."

कादंबरीनं त्याचा विचार आधीच केला होता, तो येण्याआधी तासभर एकटी बसून.

"एवढंच दाखवलं तर काय होईल सांगू? राघव साहेब म्हणतील, बिल्ला चुकतो म्हणजे काहीच कळत नाही. मग तू चौकोनात असशील, नाहीतर कूलरजवळही असशील. कूलरचा ठपका तुझ्यावरून जाणार नाही, समाधान. शंका राहीलच. ती पुसायची तर तू नेमका कुठे होतास तेच सांगावं लागेल. आणि मला ते माहीत आहे."

"आणि ट्रॉलीवरून काढलं तर?"

"तर तू माणूस वाचवायला पुढे गेलास म्हणून काढला, असं त्यांना कागदावर लिहावं लागेल. लिहू दे. आमचे मामा त्याच्यावर अर्ज लिहायला टपून बसलेत."

तो हसला, पहिल्यांदाच.

"सांगणार तू की मी?" तिनं विचारलं.

त्यानं ठिपक्याकडे पुन्हा पाहिलं. "मीच सांगतो. तुमच्या यंत्रानं सांगितल्यावर सांगण्यात काय अर्थ? यंत्राच्या आधी सांगतो."

*

गुरुवारी सकाळी प्रेस शॉपच्या शेजारच्या खोलीत विष्णू राघव बसले होते; सेफ्टी ऑफिसर, मानेसरच्याच बाजूचे, मिशा पिळलेल्या, आवाज मशीनच्या वर चढणारा. शेजारी कारखान्याचे दोन अधिकारी. समाधान एका टोकाला, हात मांडीवर. शंकर मिस्त्रींना साक्षीला बोलावलं होतं. ते खांद्याला पट्टी बांधून दाराशी बसले होते.

"मॅडम, सर्टिफिकेट लायी हैं?" राघवांनी विचारलं.

"नहीं सर. चूक घेऊन आलेय," ती पहिलं मराठीतच बोलून गेली, मग हसून हिंदीत वळली. "सर, बोलने से अच्छा, दिखा देती हूँ. बस दस मिनट. लेकिन बिल्ला आपको पहनना पड़ेगा."

राघवांना वाटलं चेष्टा आहे. पण खोलीत सगळे बघत होते, आणि मागे हटणं त्यांच्या मिशांना शोभलं नसतं. ते उठले. शॉपमध्ये पिवळ्या चौकोनात प्रेसकडे तोंड करून उभे राहिले. कादंबरीनं बिल्ला त्यांच्या छातीवर लावला. मोठ्या पडद्यावर जुनंच गणित चालू होतं. ठिपका चौकोनात.

"ठीक तो है," राघव म्हणाले.

"अब सर, बस एक मिनट." तिनं बिल्ला काढला आणि त्यांच्या पाठीवर, कॉलरखाली लावला. "हिलना मत."

ठिपका थरथरला आणि मागे निघाला. राघव खांबासारखे उभे होते आणि पडद्यावरचे राघव रॅकमागे चालले होते. कूलरजवळ जाऊन थांबले.

शॉपमध्ये मशीन चालूच होती, तरी कुणीतरी खणखणीत ओरडलं, "साहब, पानी ठंडा है क्या?"

हसण्याची लाट गेली. राघवांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं, मग कूलरकडे, मग आपल्या पायांखालच्या पिवळ्या रंगाकडे. ते हसले नाहीत. "पीछे कौन लगाता है?" त्यांनी विचारलं.

शंकर मिस्त्री दाराशी उठून उभे राहिले आणि वळले. त्यांच्या पांढऱ्या केसांखाली, पट्टीच्या बाजूला, बिल्ला होता. मग प्रेसपाशी उभा असलेला एक जण वळला. मग रॅकजवळचे दोघे. आज घाईत फोन करायचा राहिला होता, बिल्ले पुढे आलेच नव्हते.

खोलीत परतल्यावर कादंबरीनं लॅपटॉप उघडला आणि समाधानकडे पाहिलं. तो आधीच उभा होता.

"सर, मी कूलरजवळ नव्हतो," तो हिंदीत, सावकाश म्हणाला. "पण चौकोनातही नव्हतो. ट्रॉली सुटली तेव्हा मी पुढे गेलो. हातानं रेटली. नियम माहीत होता. चाचांना हाक मारली, ती पोचली नाही. म्हणून मी गेलो. आधी हे लपवलं, ते चुकलं."

राघवांनी कादंबरीकडे मान वळवली. तिनं ठिपका चालवला. या वेळी नव्या गणितानं, आणि ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ होतं. ते तिनं काल रात्री जेवणाआधी घातलं होतं.

"ये गोल क्या है?" राघवांनी विचारलं.

"माझी शंका, सर," ती हिंदीत म्हणाली. "माणूस या गोलाच्या आत आहे. कधी गोल लहान असेल, कधी मोठा. आधी मी तो दाखवतच नव्हते. नुसता ठिपका बघितला की सगळ्यांना वाटतं, तोच खरा."

गोल लहानसा होता. तो नऊ मिनिटं चौकोनात राहिला, मग पुढे झेपावला, चार सेकंद ट्रॉलीशी थांबला आणि माघारी आला. त्यात आता कूलर कुठेच मावत नव्हता.

शंकर मिस्त्री पडद्याजवळ आले होते. त्यांनी ते चार सेकंद पुन्हा बघायला मागितले. कादंबरीनं पुन्हा चालवले. मग म्हातारा समाधानच्या शेजारची खुर्ची ओढून तिच्यात बसला, चौकशी संपेपर्यंत तिथून उठला नाही.

अधिकारी बाहेर जाऊन बोलून आले. निकाल राघवांनीच सांगितला, कागदावरून, एकेक शब्द चावत. जागा सोडल्याचा आरोप मागे घेतला. चालती ट्रॉली धरल्याबद्दल लेखी ताकीद. सोमवारपासून कामावर. ट्रॉलीच्या चाकांना अडसर बसवेपर्यंत साचा बदलताना प्रेससमोर कुणी वाकायचं नाही.

"आणि मॅडम," कागद घडी करत ते म्हणाले, "आपका काम गलत निकला."

"हो सर."

"कॅमेरेवाले कहते हैं, उनका कभी गलत नहीं होता."

"चुकलं तर कशामुळे, हे त्यांना विचारून बघा, सर," कादंबरी हिंदीतच म्हणाली. "मी सांगू शकते."

राघवांनी मिशीवर हात फिरवला. "दोबारा नापिए," ते म्हणाले. "इस बार ठीक से."

*

पुढच्या आठवड्यात मोजणी झाली, कामाच्या दिवशी, मशीन चालू असताना. देविका नकाशा घेऊन आली होती. काठी मुनिरकालाच राहिली. बिल्ल्याला आता खांद्यावर शिवलेला खिसा होता, ना पुढे ना मागे. तो खिसा कुठे असावा हे शिफ्टमधल्या लोकांनीच ठरवलं, वाकून, उठून, पेटी उचलून बघून.

एकेक जण जमिनीवरच्या खुणेवर येऊन उभा राही. प्रेसकडे तोंड, मग रॅककडे, मग दाराकडे, मग भिंतीकडे. चार दिशांना चार वेळा. कादंबरी मोजत होती आणि मोजता मोजता तिच्या आवाजाला कधी ठेका लागला ते तिला कळलं नाही.

"पहिलं तोंड प्रेसकडे... दुसरं तोंड रॅककडे..."

"ताई, गाताय का?" समाधाननं विचारलं. तो खुणेवर उभा होता, खांद्यावर बिल्ला.

"मामीकडून आलंय. वळ."

तो वळला. शंकर मिस्त्री बाजूला उभे राहून बघत होते, त्यांची पाळी पुढची होती. समाधान पुन्हा वळला, रॅककडे, दाराकडे, भिंतीकडे, आणि फिरून प्रेसकडे आला. पडद्यावर वर्तुळ थोडं पसरलं, थोडं आवळलं. मधला ठिपका तो उभा होता तिथेच राहिला.

"झालं?" तो म्हणाला.

"अजून एकदा," कादंबरी म्हणाली. "आता चालत जा. कूलरपर्यंत. पाणी पिऊन ये."